व्हर्दूनच्या अरण्यांत

फ्रान्स देशाच्या ईशान्य भागांत म्यूज नदीच्या कांठीं व्हर्दून नांवाचें शहर आहे. त्याच्या बाजूच्या टेकड्यांवरील अरण्य पाहण्याची आमची फार दिवसांची इच्छा होती. मे महिन्यांत तो योग आला. आम्ही उभयतां व आमचा बारा वर्षांचा पुतण्या, असे तिघे दशम्या बांधून घेऊन भाड्याच्या सायकलींवर सकाळींच निघालों. चढ दमविणारा खरा. पण दुतर्फा पाइन व बीच वृक्षांची गर्द सावली आणि तिकडच्या कोकिळेची साद, यांमुळें शीण जाणवला नाहीं.

हें अरण्य मात्र पुरातन नव्हे. १९१६ च्या २१ फेब्रुवारीपासून १८ डिसेंबरपर्यंत येथें फ्रेंच व जर्मन सैन्यें झुंजलीं. दोन्ही पक्षांचे मिळून सुमारें ३ लाख लोक प्राणांस मुकले. तोफगोळ्यांनीं भूमीची चाळण झाली. लोखंड व विषारी द्रव्यें तींत इतकीं मुरलीं कीं, नांगर धरणें अशक्य झालें. तेव्हां सरकारनें ती जमीन विकत घेऊन तीवर झाडें लावलीं. ज्या सावलींत आम्ही सुखानें चाललों होतों, ती अशी उत्पन्न झालेली आहे!

फ्लरी येथें सायकली ठेवून आम्ही पायीं निघालों. युद्धापूर्वीं येथें ४२२ माणसें नांदत होतीं. १९१६ च्या उन्हाळ्यांत हें गांव कित्येक वेळां या हातून त्या हातीं गेलें व अखेर नाहींसें झालें. आतां तेथें एक लहानसें प्रार्थनामंदिर आहे, आणि खांचखळग्यांमधून गेलेल्या पायवाटा. वाटेच्या कडेला खुणेचे खांब रोवले आहेत: येथें पाव भाजणाराची भट्टी होती, येथें लोहारशाळा, येथें मुलांची शाळा. अशीं नऊ गांवें या युद्धांत नष्ट झालीं. त्यांपैकीं सहांत आज एकही रहिवासी नाहीं. तरी कायद्यानें तीं गांवेंच आहेत, व प्रत्येकास सरकार गांवप्रमुख नेमतें.

इतक्यांत पुतण्यास एका झाडाच्या मुळाशीं गंजलेलें कांहींसें दिसलें, आणि तो वाट सोडून दोन पावलें गेलाही. "अरे, मागें फीर!" आम्ही ओरडलोंच. या रानांत न फुटलेले गोळे अद्यापि सांपडतात. म्हणून वाट सोडूं नये व कशासही हात लावूं नये, असा तेथील सक्त नियम आहे. तो मुकाट्यानें परतला. कांहीं वेळानें म्हणाला, "काका, इतकीं वर्षें झालीं, तरी ही लढाई संपली नाहीं का?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

पुढें दुओमाँ येथील अस्थिमंदिर पाहिलें. १९३२ मध्यें त्याचें उद्घाटन झालें. ओळख न पटलेल्या सुमारें १ लाख ३० हजार सैनिकांच्या अस्थि तेथें आहेत. फ्रेंच कोणत्या, जर्मन कोणत्या, हें आतां कोणीही सांगूं शकत नाहीं.

घरीं परतल्यावर तीर्थरूपांनीं नातवास जवळ घेऊन विचारलें, "त्या रानांतून आमच्यासाठीं काय आणलेंस?"

तो म्हणाला, "आजोबा, तेथून कांहीं आणायचें नसतें."