वीस इंची चाकाचा हट्ट

आमच्या लहानपणी धाराशिवात सायकलचा एकच प्रकार ठाऊक होता. ती तासाच्या भाड्याने आणावयाची आणि नळीखालून पाय घालून, अर्ध्या पायडलवर शिकावयाची. शाळेला तीच, बाजाराला तीच, ज्वारीचे दळणही तिच्यावरच. त्यामुळे तेरा वर्षांच्या नातवाने ‘आजोबा, मला बीएमएक्स हवी’ असा हट्ट धरला आणि त्याच्या वडिलांनी ‘एवढ्याशा सायकलवर तू जाणार कुठे?’ असे विचारले, तेव्हा मला वडिलांचेच म्हणणे पटले.

नातवाकडून आणि थोडे वाचून जे समजले, ते असे की ही सायकल मुळी कुठे जाण्यासाठी नाहीच. १९७० च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियातील मुले मातीवरच्या मोटारसायकल शर्यतींची नक्कल आपल्या लहान सायकलींवर करू लागली, त्यातून ती जन्मली. चाक वीस इंची, गिअर एकच. पण पुढे तिच्या इतक्या शाखा फुटल्या की एकीचे काम दुसरीला जमत नाही. शर्यतीची सायकल हलकी, बहुधा ॲल्युमिनियमची, अरुंद व कडक हवेच्या टायरांची. तिला ब्रेक मागेच. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये हीच शर्यत प्रथम झाली. कसरतीची सायकल जड, क्रोमोली पोलादाची, कारण तिला उंचावरून आदळणे सोसावयाचे असते. ती २०२१ मध्ये टोकियोत आली. कठड्यांवरून घसरत जाणारे खेळाडू चाकाच्या आसाला खुंट्या लावतात आणि पुष्कळजण ब्रेक काढूनच टाकतात. हे ऐकून सूनबाईंनी हातातले ताट खाली ठेवले!

मला स्वतःला सपाट जमिनीवरचा प्रकार सर्वांत देखणा वाटतो. सायकल आखूड, चारही बाजूंना खुंट्या. खेळाडू त्यांवर उभा राहून तिला भोवऱ्यासारखी फिरवतो. पण त्याला गुळगुळीत फरशी हवी. आमच्यापाशी आहे ती बालाघाटच्या उतारावरची मुरमाड पड जमीन, शेजारी काळी माती आणि बांधावर बाभळी. तेथे शोभणारा प्रकार एकच, मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारण्याचा. त्याला रुंद, खाचांचे टायर हवेत, मागचा ब्रेक हवा. खुंट्यांची गरज नाही.

दुकानात मात्र निराळाच अनुभव आला. बीएमएक्स अशी ठळक अक्षरे रंगवलेल्या सायकली रांगेने उभ्या होत्या. सांगाडा साध्या लोखंडाचा, आस बारीक. गल्लीत फिरवायला त्या उत्तम. पण उडी मारून उतरताना सगळा भार ज्या फोकवर आणि हँडलच्या जोडावर येतो, तेथे स्वस्ताई परवडत नाही. तेथे तुटले तर दात जातात, मनगट जाते. मी चिरंजिवांना एवढेच सांगितले की घ्यायची तर खरी घेऊ, नाहीतर नको.

त्यांनी दोन दिवसांनी होकार दिला, अटी घालून. हेल्मेट आणि गुडघ्यांच्या गाद्या आधी, सायकल नंतर. पाच किलोमीटरवरच्या शाळेला मात्र घरातली जुनी चोवीस इंचीच न्यावयाची, कारण बुटक्या बैठकीवर तेवढे अंतर मारताना गुडघे हनुवटीला लागतात. नातवाने सारे मान्य केले. सध्या तो मित्रांसह शेतात मुरमाचा उंचवटा रचतो आहे. पहिला पावसात वाहून गेला, आता दुसरा चालू आहे. आणि बाभळीच्या काट्यांनी पंक्चर झालेली ट्यूब रोज संध्याकाळी ओसरीवर बादलीतल्या पाण्यात बुडवली जाते.