शिरोलीचा प्रॉक्सी, इचलकरंजीचा प्रिंटर

२०१७च्या ऑगस्टमध्ये, जीएसटीचं पहिलं ३बी भरायची घाई चालली होती, नेमक्या त्याच आठवड्यात माझ्या लॅपटॉपनं मला ओळख दाखवायचं बंद केलं.

तेव्हा मी तीन ठिकाणी बसत होते. सोमवार ते बुधवार शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, गुरुवार-शुक्रवार इचलकरंजीत एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर आणि उरलेलं राजारामपुरीत, घरच्या जेवणाच्या टेबलावर. हिशेब वेगवेगळे, लॅपटॉप एकच, तोही माझ्या पैशाचा.

फाउंड्रीत नवा सर्व्हर आला होता. बसवणारा पोरगा म्हणाला, “मॅडम, तुमचं मशिन डोमेनमध्ये घ्यायला लागतंय. एकदा घेतलं की टेन्शन नाही. घरी पण चालतंय.” मी जॉबवर्कची चलनं जुळवत होते. म्हटलं, घे बाबा. त्यानं सर्व्हरवर माझ्याच नावाचं खातं काढलं, लॅपटॉप बंद करून चालू केला आणि नवा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला.

पडदा उजळला आणि माझ्या पोटात गोळा आला. डेस्कटॉपवर कचऱ्याची टोपली आणि एक ब्राउझर, बाकी सारवल्यासारखं लख्ख. चार वर्षांच्या एक्सेल शीट गायब, लेकीचा फोटोसुद्धा गायब. टॅली तेवढं उघडत होतं, कारण त्याचा डेटा डी ड्राइव्हला होता. पोरगा म्हणाला, “मी काय डिलीट केलेलं नाही हं,” आणि कुणाचा तरी फोन घ्यायला जो बाहेर गेला, तो चहाच्या सुट्टीपर्यंत आत आला नाही.

माझा भाचा पुण्यात नेटवर्किंगमध्ये आहे. त्याला फोन लावला.

“मावशी, आधी पाणी पी. मग सी ड्राइव्हमध्ये यूजर्स उघड. तुझ्या नावाचे फोल्डर किती दिसतात?”

दोन होते. एकावर नुसतं माझं नाव. दुसऱ्यावर तेच नाव, पुढं टिंब आणि कंपनीचं नाव. पहिल्यात शिरताना परवानगी मागितली, ती दिली, आणि बघते तर सगळं जागच्या जागी. लेकसुद्धा.

त्यानं जे सांगितलं ते मला आठ-अच्या उताऱ्यामुळं पटकन कळलं. गावात एकाच नावाचे दोन शेतकरी असतात, खाते क्रमांक बघितल्याशिवाय कोण कुठला ते कळत नाही. विंडोजही नावावर जात नाही. ती प्रत्येक खात्याचा एक लांबलचक क्रमांक धरते, त्याला एसआयडी म्हणतात. माझ्या जुन्या खात्याचा क्रमांक लॅपटॉपनं दिलेला, नव्या खात्याचा डोमेननं. क्रमांक वेगळा म्हणजे बाई वेगळी, तिचा डेस्कटॉप वेगळा. ‘घरी पण चालतंय’ हेही खोटं नव्हतं. डोमेनवरून आलेल्या शेवटच्या दहा माणसांची ओळख विंडोज एरवी साठवून ठेवते, त्यामुळं सर्व्हर समोर नसतानाही आत घेते. फक्त मी आत जाणार होते ती त्या रिकाम्या खोलीत.

“डोमेन हे त्यांच्या स्वतःच्या मशिनांसाठी असतं,” भाचा म्हणाला. “तू तिथं पाहुणी. वर्कग्रुपवर परत ये, जुन्याच खात्यानं बस. सर्व्हरनं अडवलं की त्यांनी दिलेलं नाव-पासवर्ड टाक आणि ‘लक्षात ठेव’वर टिक कर.” एवढंच करायचं होतं! त्या पोरानं हे का सुचवलं नसेल, याचा मी अजून विचार करते. बहुधा त्याला एकच रस्ता शिकवला होता.

जुन्या खात्यात परतले तरी एक खोड उरलीच. फाउंड्रीत इंटरनेटसाठी प्रॉक्सी टाकावा लागे. संध्याकाळी घरी वायफाय लागलेलं दिसायचं, पण पान एक उघडायचं नाही. प्रॉक्सी माझ्या खात्यात लिहिलेला, म्हणून तो माझ्याबरोबर राजारामपुरीला जेवायला यायचा.

आयपी पत्त्याचं उलटं. तो खात्याला नाही, नेटवर्क कार्डाला चिकटतो. फाउंड्रीत केबल लावली की पत्ता आपोआप मिळे. पेढीवर मात्र प्रत्येक मशिनचा पत्ता हातानं टाकलेला, वहीत लिहून ठेवलेला. म्हणून गुरुवारी आकडे टाका, सोमवारी पुसा. कितीतरी सोमवार मी ते विसरले आणि केबलला शिव्या दिल्या. मग भाच्यानं आयपीच्या खिडकीतला दुसरा टॅब दाखवला, अल्टरनेट कॉन्फिगरेशनचा. पत्ता आपोआप मिळाला तर तो, नाही मिळाला तर वहीतला. पेढीवर जोडायला जरा वेळ लागे, तेवढ्यात माझा डबा जागेवर जाई. प्रॉक्सीला असा टॅब नव्हता. तो मी रोज हातानंच काढत-घालत राहिले.

प्रिंटरचं मात्र कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. विंडोज १०मध्ये शेवटचा वापरलेला प्रिंटर हाच मुख्य, अशी एक सोय असते. शुक्रवारी मी पेढीवर बिलं छापली होती. सोमवारी फाउंड्रीत पगारपत्रक छापायला दिलं, कागद आला नाही. पुन्हा दिलं. तिसऱ्यांदा दिलं. शेवटी पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्याच्या मशिनवरून छापलं आणि विसरून गेले.

गुरुवारी इचलकरंजीत केबल जोडली आणि कोपऱ्यातला प्रिंटर आपण होऊन घरघरायला लागला. एक, दोन, तीन प्रती. सगळ्या फाउंड्रीची नावं, हुद्दे, पगार. शेठजी प्रिंटरच्या शेजारीच उभे होते. त्यांनी कागद उचलले, वरची ओळ वाचली, गठ्ठा पालथा करून माझ्या टेबलावर ठेवला.

“मॅडम, हे आमचं न्हवं.”