मिसळ खुळी की खुळा?

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीचा फुटबॉल सामना होता. सोबत नागपूरचा एक मित्र होता, या गावात पहिल्यांदाच आलेला. लांबून मारलेला चेंडू जाळ्यात शिरला, तशी मागच्या पायरीवरची पोरं ओरडली, "नाद खुळा!" मित्राला शब्द भलताच आवडला. सामना सुटल्यावर मिसळ खाताना त्यानं तो लगेच वापरला, "मिसळ नाद खुळी आहे बरं का!" शेजारच्या बाकावरची पोरं फिसकन हसली. "पावणं, खुळी न्हवं, खुळा. मिसळ नाद खुळा!"

मिसळ स्त्रीलिंगी, हे त्याचं म्हणणं बिनतोड होतं. पोरांकडे उत्तर एकच, "असंच म्हणत्यात."

माझ्या आजीच्या तोंडी मात्र हा शब्द व्याकरण पाळायचा. कुस्तीपायी शेत विसरलेला मामा नादखुळा, रेडिओला कान लावून बसणारी मावशी नादखुळी, पतंगामागं उन्हात धावणारं मी कार्टं नादखुळं. शिवी नव्हे, पण कौतुक तर मुळीच नाही. नाद म्हणजे आवाज, तसंच एखाद्या गोष्टीचं वेड. त्यापायी ज्याचं डोकं ठिकाणावर नाही, तो खुळा. पोरांनी हा शब्द माणसावरून उचलला आणि गोलावर, मिसळीवर, बुलेटच्या फटफटीवर नेऊन ठेवला. आता खुळा होतो तो बघणारा. मग मिसळीच्या लिंगाला विचारतो कोण? 'अरे वा!'ला तरी कुठं लिंग असतं!

टोमण्याची दाद कशी झाली, याबद्दल माझा आपला एक कयास आहे. शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबागेचं मैदान बांधलं, ते 1912 साली खुलं झालं. ज्या तालमींत मल्ल घडले, त्यांच्याच नावानं पुढं फुटबॉलचे संघ उभे राहिले. अशा गावात नादापायी जेवण विसरणाऱ्याला आजी ओरडते, पण पेठ त्याला खांद्यावर घेते. शब्द आजीच्या हातून सुटून पेठेच्या हाती लागला, एवढंच. सिनेमा-जाहिरातवाले मागाहून आले असावेत.

'नाद करायचा नाय' हे प्रकरण निराळं. तिथं नाद म्हणजे वाटेला जाणं. ती सरळ धमकी, रिक्षांच्या पाठीवर रंगवलेली. बैलगाडावाल्यांच्या टी-शर्टवरचं 'नाद एकच' मात्र थेट आजीच्या अर्थाचं. 2014 साली बैलगाडा शर्यतींवर बंदी आली, सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली ती 2021 च्या डिसेंबरात. मधल्या काळात नाद काही सुटला नाही.

रात्री मामाला मिसळीचा किस्सा सांगितला. तो खो खो हसला. म्हणाला, "आमच्या टायमाला पोरगा नादखुळा हाय म्हणलं, की जमलेली सोयरीक मोडायची रं."