चौऱ्याऐंशी टक्के

५ मे २०२५, सोमवार. दुपारी एकनंतर बारावीचा निकाल लागला. मी पुण्यात ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो. फोन टेबलावर थरथरला. मामेबहिणीने गुणपत्रिकेचा स्क्रीनशॉट पाठवला होता. ६०० पैकी ५०६. खाली एकच ओळ : 'दादा, ८४.३३. डॉक्टर होता येते ना?'

आदल्याच दिवशी, रविवारी, तिने नीट दिली होती. मामा तिला शनिवारीच चंद्रपूरला घेऊन गेला होता, एका ओळखीच्या घरी रात्र काढली होती. पेपर कसा गेला विचारलं तर 'फिजिक्स लय कठीण होता' एवढंच म्हणाली होती. सोमवारी मात्र घरात सगळं विसरलं गेलं. आरमोरी तालुक्यातल्या त्या गावात विज्ञान शाखेत ८४ टक्के ही छोटी गोष्ट नाही. मामीने व्हॉइस मेसेज पाठवला, त्यात मागे कुणीतरी पेढे वाटत असल्याचा आवाज होता.

मी तिला अंगठा पाठवला. उत्तर पाठवलं नाही. कारण मला ते माहीत होतं.

नियमाच्या भाषेत तिच्या प्रश्नाचं उत्तर 'हो, भरपूर' असं आहे. एमबीबीएससाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या गटाला ५० टक्के लागतात, आरक्षित गटाला ४०. ती ओबीसी. म्हणजे ३०० पैकी १२० पुरे, तिला २४७ होते. पण प्रवेशाच्या भाषेत त्या २४७ गुणांची किंमत शून्य. १२० वाला आणि २९० वाला, दोघंही फक्त दारापर्यंत येतात. आत कोण जाणार ते नीटच्या ७२० गुणांवर ठरतं. १८० प्रश्न, १८० मिनिटं, बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा.

१४ जूनला तो निकाल लागला. तिला २६२ मिळाले. त्या वर्षी देशात पहिला आलेल्याला ६८६ होते. ओबीसीसाठी पात्रतेची रेषा होती ११३. त्यामुळे तिच्या निकालावर 'पात्र' असं लिहून आलं आणि गावात परत अभिनंदन सुरू झालं. मामाचा फोन आला.

"पास झाली म्हणते ना पोरगी? मंग नंबर काहून नाही लागत?"

मी समजावत होतो. मामा, परीक्षेला २२ लाख मुलं बसली. त्यातली १२ लाखांहून जास्त पात्र ठरली. एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आसपास. त्यातही सरकारी निम्म्याच, बाकीच्यांची फी आपल्याला झेपणारी नाही. मामा शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे पास म्हणजे पास नाही."

मी यावर काय बोलणार? माझी स्वतःची गोष्ट त्या क्षणी मला नीट दिसायला लागली होती.

मी २०१५ साली बारावी झालो. त्या वर्षी महाराष्ट्रात इंजिनिअरिंगचे प्रवेश निम्मे जेईई मेनच्या गुणांवर आणि निम्मे बारावीच्या गुणांवर होते. हा नियम २०१४ आणि २०१५, अशी दोनच वर्षं चालला. जेईईतले माझे गुण सांगण्यासारखे नव्हते. आमच्याकडे तेव्हा त्या परीक्षेची पुस्तकंसुद्धा नागपूरहून मागवावी लागायची. पण बारावीचं मी घासून पाठ केलं होतं आणि त्या निम्म्या गुणांनी मला ओढून पुण्यात आणलं. पुढच्याच वर्षी सगळं पुन्हा सीईटीवर गेलं.

माझ्या वर्गात एक मैत्रीण होती. बारावीला तिचे माझ्यापेक्षा सहा टक्के जास्त. तिला डॉक्टर व्हायचं होतं. पण मेडिकलला त्या वर्षी फक्त सीईटीचे गुण धरायचे, बारावीचे नाही. सीईटीत ती मागे पडली. तिने पुढे नर्सिंग केलं, आज आमच्याच जिल्ह्यात एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे.

एकाच शाळेतली, एकाच वर्षीची दोन मुलं. जास्त हुशार होती ती मागे राहिली आणि मी 'गावातला पहिला इंजिनिअर' म्हणून सत्कार घेतला. हाराच्या फोटोत मी जे काही छाती काढून उभा आहे ना, त्यातलं निम्मं श्रेय त्या वर्षीच्या शासन निर्णयाचं आहे.

आता इथे 'नीट रद्द करा, बारावीच्या गुणांवर प्रवेश द्या' असं म्हणणं सोपं आहे. पण ते प्रामाणिक नाही. नव्वदच्या दशकात मेडिकलचे प्रवेश बारावीवरच व्हायचे. तेव्हाही गाव आणि शहर एका रेषेवर नव्हतंच. शिवाय बारावीच्या गुणांचंही मला माहीत आहे. प्रत्येक विज्ञान विषयात १०० पैकी ३० प्रॅक्टिकलचे. आमच्या वर्गात ज्याने ब्युरेट हातात धरली नव्हती त्यालाही २८ मिळाले होते. मलाही. आणि नीट येण्याआधी खासगी कॉलेजांच्या वेगवेगळ्या परीक्षा आणि डोनेशनचा बाजार होता. एक देश, एक परीक्षा यामागे तो बाजार मोडायचा हेतू होता, तो चुकीचा नव्हता.

माझ्या नोकरीत मी सर्च रिझल्ट क्रमाने लावणारं सॉफ्टवेअर लिहितो. क्रम लावायचा तर कुठलातरी एक आकडा लागतोच. आम्ही तो निवडतो तेव्हा टीममध्ये दोन आठवडे भांडणं होतात, कारण सगळ्यांना माहीत असतं की तो अर्धवट आहे. एकदा लागू झाला की महिन्याभरात सगळे विसरतात. वर दिसतं ते चांगलं, खाली गेलं ते वाईट, असं आम्हीच बोलायला लागतो. नीटचं तेच झालंय. ती चाळणी आहे. २२ लाखांतून सव्वा लाख वेगळे काढायला चाळणी लागते. पण चाळणीतून काय खाली पडलं, हे बघायचं कोणी?

आणि ही चाळणी काय वेगळं करते ते मी मामाच्या घरात पाहिलं. नागपूरच्या एका क्लासची एका वर्षाची फी आणि हॉस्टेल मिळून आकडा सांगितला, तो मामाच्या तीन एकर धानातून वर्षभरात सुटत नाही. एका मिनिटात एक प्रश्न सोडवणं ही हुशारी कमी आणि सराव जास्त आहे. सराव विकत मिळतो. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधल्या विद्यार्थ्यांनी 'लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट' सुरू करून मेळघाट-गडचिरोलीतल्या मुलांना फुकट शिकवलं, तेव्हा त्यातली मुलं एमबीबीएसला लागली. डोकं आधीपासून तिथेच होतं.

माझ्या मनात आणखी एक गोष्ट घोळत होती. गडचिरोलीपासून जवळच्या शोधग्राममध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. पाचवी ते दहावी शिकलेल्या बायका. ३९ गावांत हे काम झालं आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये तो अभ्यास छापून आला. याचा अर्थ डॉक्टर नकोत किंवा अभ्यास नको असा नाही. त्या बायकांना नीट शिकवलं होतं, मागे डॉक्टर उभे होते. पण आमच्या जिल्ह्यात जीव वाचवायला जे लागतं ते सगळं १८० प्रश्नांत मावत नाही, एवढं तरी त्यातून कळतं.

२०२४ पासून गडचिरोलीत सरकारी मेडिकल कॉलेज आहे. १०० जागा. पूर्वी विदर्भातल्या कॉलेजांत ७० टक्के जागा विदर्भातल्या मुलांना असायच्या, तो नियम २०२० मध्ये गेला. आता पूर्ण राज्याची एक यादी. म्हणजे कॉलेज दारात आलं आणि दार राज्यभर झालं. तामिळनाडूने २०२० मध्ये वेगळा मार्ग काढला : नीट पात्र झालेल्या सरकारी शाळेतल्या मुलांसाठी साडेसात टक्के जागा वेगळ्या. परीक्षा तीच, पण मुलगी कुठून धावत आली ते मोजलं जातं. मला हा मार्ग पटतो. पण धोरण बदलेपर्यंत मामेबहीण थांबू शकत नव्हती.

मी माझ्या त्या मैत्रिणीला फोन केला. वाटलं होतं, ती 'एक वर्ष ड्रॉप घे' म्हणेल किंवा 'नको त्या भानगडीत पडू' म्हणेल. ती म्हणाली, "तिला खरा आकडा सांग. मला कोणी सांगितला नव्हता. सगळे म्हणत होते, एवढे मार्क आहेत, होऊन जाईल. मी दोन वर्षं त्या 'होऊन जाईल'वर काढली."

मग विचारलं, तुला वाईट वाटतं का अजून?

"रात्री दोनला बाळंतपणाची केस येते, रेफर करावं लागते, गाडी नसते. तेव्हा वाटते. बाकी वेळ नाही मिळत."

त्या रात्री मी मामेबहिणीला फोन केला. मेसेजमध्ये लिहायची माझी हिंमत नव्हती. सांगितलं : बारावीचे मार्क पुरत नाहीत. २६२ पण पुरत नाहीत. तू कमी आहेस म्हणून नाही. तुझ्या मार्कांची ज्या वर्षी अर्धी किंमत होती त्या वर्षी मी निघून आलो, तुझ्या वर्षी ती शून्य आहे. एक वर्ष घ्यायचं असेल तर घे, क्लासचे पैसे मी देतो. हे उपकार नाहीत, माझ्याकडे जास्तीचे आले होते ते. पण एकच वर्ष. आणि नर्सिंग, बीएएमएसचे फॉर्म पुढच्या वेळी भरायचेच, कमीपणा न मानता.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दादा, तू मे महिन्यातच काहून नाही सांगितलं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पेढ्यांच्या आवाजात बोलवलं नाही, एवढंच खरं.

आता ती नागपूरला आहे. दर रविवारी सराव परीक्षेच्या गुणांचा स्क्रीनशॉट येतो. गेल्या रविवारी ३४८ होते. मी आता अंगठा पाठवत नाही. फोन करतो, आणि दोघं मिळून चुकलेले प्रश्न मोजतो.