श्टायरमार्कमधील उन्हाची इर्जिक

ऑस्ट्रिया या देशाचे नाव काढताच व्हिएन्नाचे संगीत, आल्प्सची हिमशिखरे आणि जुन्या सम्राटांचे प्रासाद आपल्या मनःचक्षूंसमोर उभे राहतात. परंतु वाचकहो, आज तुम्हांला त्या देशाच्या आग्नेय कोपऱ्यात न्यावयाचे आहे. तेथे राजवाडे नाहीत आणि गगनचुंबी हिमशिखरेही नाहीत. तेथे सफरचंदांच्या बागा आहेत, भोपळ्यांची शेते आहेत आणि लाल कौलांच्या घरांवर, कौलांच्या ओळीतच बसवलेले काळे, काचबंद चौकोन आहेत. त्या चौकोनांची कथा मोठी बोधप्रद आहे, कारण त्यांपैकी कित्येक चौकोन कारखान्यातून आलेले नसून शेजाऱ्याशेजाऱ्यांनी एकत्र बसून स्वतःच्या हातांनी घडवलेले आहेत.

व्हिएन्नाहून दक्षिणेस निघालेली आगगाडी झेमरिंगचा घाट चढते. १८४८ ते १८५४ या काळात कार्ल फोन गेगा या स्थापत्यविशारदाने बांधलेला हा लोहमार्ग आजही प्रवाशाला थक्क करतो. घाट उतरून गाडी श्टायरमार्क प्रांताच्या राजधानीत, ग्राझ शहरात, येते. तेथील टेकडीवरच्या घड्याळाच्या मनोऱ्याकडे पाहून वेळ सांगताना नवखा मनुष्य हमखास चुकतो, कारण त्या घड्याळाचा मोठा काटा तास दाखवतो आणि लहान काटा मिनिटे! ग्राझहून पूर्वेकडे जाणारी लहान गाडी धरली म्हणजे डोंगरउतारावरील बागांमधून वळणे घेत ती राब नदीकाठच्या ग्लाइसडॉर्फ या टुमदार गावी पोहोचते. वाटेत फळबागांवर अंथरलेली जाळी दिसतील. उन्हाळ्यात या भागात गारांचा मारा होतो, त्यापासून सफरचंदे वाचवण्याची ती योजना आहे. गारांची ही गोष्ट लक्षात असू द्या; पुढे ती उपयोगी पडणार आहे.

हा मुलूख पूर्वी श्रीमंत नव्हता. लहान शेतकरी, थोडी जमीन, थोडी जनावरे, घराला पुरेल एवढे जंगल, असा येथला संसार असे. शेजाऱ्याचे घर उभारताना गावाने हातभार लावावा, त्याची परतफेड आपल्या कामाच्या वेळी व्हावी, अशी रीत येथे जुनीच आहे. महाराष्ट्रातील खेड्यांत वाढलेल्या वाचकांना हे सांगण्याचे कारण नाही. आपल्याकडे सावड आहे, इर्जिक आहे. एका शेतकऱ्याच्या रानात गावचे बैल आणि माणसे एके दिवशी उतरतात, दिवसभर काम करतात आणि सायंकाळी यजमानाघरी जेवून परततात. मजुरी कोणी मागत नाही. इंदूर, बडोदे वा हैदराबादेत राहणाऱ्या ज्या मराठी कुटुंबांतील मुलांनी हे शब्द ऐकले नसतील, त्यांना ते आजीला अवश्य विचारावे. श्टायरमार्कमधील लोकांनी हीच रीत नांगराऐवजी उन्हाला लावली.

याची पार्श्वभूमी थोडी समजून घेतली पाहिजे. १९७३ साली खनिज तेलाचे संकट आले आणि परक्या तेलावर विसंबलेल्या युरोपला हुडहुडी भरली. १९७४ च्या आरंभी ऑस्ट्रियात प्रत्येक मोटारमालकाला आठवड्यातून एक दिवस गाडी घरी ठेवण्याचा नियम पाळावा लागला. तो दिवस दर्शवणारी चिठ्ठी काचेवर चिकटवावी लागे. शाळा तापवण्याचे इंधन वाचावे म्हणून फेब्रुवारीत आठवडाभर सुटी देण्याची प्रथाही तेव्हाच पडली. पुढे डॅन्यूबकाठी त्स्वेन्टेनडॉर्फ येथे बांधून तयार झालेले अणुविद्युत् केंद्र चालू करावे की नाही यावर ५ नोव्हेंबर १९७८ रोजी जनतेचा कौल घेण्यात आला आणि अगदी निसटत्या बहुमताने ‘नको’ असे उत्तर आले. ते केंद्र कधीच चालू झाले नाही. तेल महाग आणि अणुशक्ती नको, मग घरातले पाणी तापवावे कशाने, हा प्रश्न घरोघरी आला. ऊन फुकट होते. परंतु ते पकडणारी बाजारातील उपकरणे सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर होती.

अशा वेळी, १९८३ साली, ग्राझ व ग्लाइसडॉर्फ यांच्या दरम्यानच्या सांक्ट मारायन या गावाच्या परिसरात एक अभियंता आणि एक फळबागायतदार यांनी पुढाकार घेतला. स्वतःपुरते उपकरण बांधून न थांबता त्यांनी तीसेक जणांचा गट जमवला. तांब्याच्या नळ्या, पत्रे, काच आणि उष्णतारोधक लोकर हे साहित्य सर्वांसाठी एकदम खरेदी केले, म्हणजे भाव उतरला. कामाची जागा एक, अवजारे सामायिक आणि नमुनाही एकच. शनिवार-रविवार मंडळी जमत. कोणी नळ्या कापी, कोणी डाख देई, कोणी चौकटी जुळवी. ज्याला लोहारकाम येई तो शिकवी, ज्याला येत नसे तो पाहतापाहता शिके. सर्वांची उपकरणे तयार झाली की मग एकेकाच्या छपरावर ती चढवली जात. पहिल्या गटात शिकलेली माणसे पुढच्या गावी गुरू होऊन गेली. अशा रीतीने दिव्याने दिवा लागत गेला. १९८८ साली ग्लाइसडॉर्फ येथे या कामासाठी एक रीतसर संघ स्थापन झाला. ‘स्वतः बांधा’ या चळवळीतून ऑस्ट्रियातील छपरांवर शतकाच्या अखेरीपर्यंत काही लाख चौरस मीटर शोषकपट्टे चढले.

हे उपकरण म्हणजे काय जादू आहे, असे कोणी विचारील. जादू मुळीच नाही. उन्हात ठेवलेला पाण्याचा हंडा तापतो हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होते. हिवाळ्यात लहान मुलांचे न्हाणे त्याच पाण्याने होई. शोषकपट्ट्यात एवढेच केलेले असते की काळ्या लेपाचा धातूचा पत्रा ऊन शोषून घेतो, त्याला जोडलेल्या तांब्याच्या नळ्यांतील पाणी ती उष्णता उचलते, वरची काच उष्णतेला वाऱ्यावर उडू देत नाही आणि पाठीमागचा लोकरीचा थर तिला मागून निसटू देत नाही. काच मात्र साधी चालत नाही. गारांचा मारा सोसणारी, भट्टीतून कठीण करून काढलेली असावी लागते. फळबागांवरील जाळी तुम्ही विसरला नसाल.

ऑस्ट्रियाच्या थंडीने या साध्या यंत्राला दोन अडचणी घातल्या. पहिली अशी की नळ्यांतील पाणी गोठले तर नळ्या फुटतात. म्हणून छपरावरून फिरणाऱ्या पाण्यात न गोठणारे द्रव्य मिसळतात आणि ते पाणी न्हाणीघरात येऊ न देता, टाकीच्या आतील वेटोळ्यातून फिरवून केवळ आपली उष्णता घरच्या पाण्याला द्यावयास लावतात. दुसरी अडचण अशी की तेथे टाकी तळघरात असते. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, खाली उतरत नाही. तेव्हा एक लहानसा पंप लागतो. छपरावरील उष्णता टाकीतल्यापेक्षा अधिक झाली की तो आपोआप चालू होतो आणि कमी झाली की बंद पडतो. चौघांच्या कुटुंबाला सामान्यतः ६ ते ८ चौरस मीटर शोषकपट्टा आणि ३०० ते ५०० लिटरची टाकी लागते. एवढ्यावर उन्हाळा सुखाने निभावतो. हिवाळ्यातील ढगाळ महिन्यांत घरची लाकडाची भट्टी उरलेले काम करते. ऊन आणि सरपण यांची ही जोडी शेतकऱ्याला चांगलीच मानवली.

येथे थांबून एक तुलना करा. ग्लाइसडॉर्फ ४७ अक्षांशावर आहे. मुंबई १९ वर. सोलापूरच्या माळावर वर्षभरात जेवढे ऊन पडते, त्याच्या दोन-तृतीयांशाइतकेही तेथे पडत नाही. असे असूनही दरडोई शोषकपट्ट्यांच्या हिशेबात ऑस्ट्रिया दीर्घकाळ जगातील पहिल्या काही देशांत गणला गेला. याचा अर्थ असा की ऊन किती पडते यापेक्षा ते झेलावयास किती हात पुढे येतात यावरच बरेच काही अवलंबून असते.

आज तुम्ही ग्लाइसडॉर्फला गेलात तर गावात १९९८ साली उभारलेला सतरा मीटरहून उंच असा पोलादी ‘सूर्यवृक्ष’ पाहाल. त्याच्या फांद्यांना पानांऐवजी उन्हापासून वीज निर्माण करणाऱ्या तबकड्या आहेत. चळवळीतून जन्मलेला तो संघ आता संशोधनसंस्था होऊन नांदतो आहे आणि २००९ पासून त्याने दक्षिण आफ्रिका, नामिबिया, मोझांबिक, झिंबाब्वे व लेसोथो या देशांतील लोकांना सूर्यावर पाणी तापवण्याची विद्या शिकवण्याच्या कार्यात भाग घेतला आहे. तथापि ज्या शनिवार-रविवारच्या मेळाव्यांनी हे सारे घडवले, ते मेळावे आता पूर्वीसारखे भरत नाहीत. कारखान्यांची उपकरणे चांगली व परवडणारी झाली. पुढे विजेच्या तबकड्या स्वस्त झाल्या आणि २००९ नंतर ऑस्ट्रियात पाणी तापवणाऱ्या पट्ट्यांची विक्रीच वर्षागणिक उतरत गेली. यात शोक करण्याजोगे काही नाही. चळवळीने बाजारपेठ निर्माण केली आणि बाजारपेठेने काम हाती घेतले. परंतु एक गोष्ट निश्चित निसटली. स्वतः बांधलेला पट्टा गळू लागला तर ज्याने डाख दिला होता त्याला तो दुरुस्त करता येई. विकत घेतलेल्याला मात्र कारागिराची वाट पाहावी लागते.

हाच धागा आपल्या घरापर्यंत येतो. आपल्या अनेक शहरांच्या बांधकाम नियमांत नव्या इमारतींवर सौरबंब बसवण्याची अट आहे. परंतु नळ्यांत क्षार साचून निकामी झालेला, धूळ खात पडलेला बंब एखाद्या गच्चीवर तुम्हीही पाहिला असेल. त्या घरात नियम पोहोचला, उपकरण पोहोचले. ज्ञान मात्र पोहोचले नाही. विंधन विहिरीच्या जड पाण्याचे थर नळीत बसतात, ते वेळोवेळी काढावे लागतात किंवा वेटोळ्याची पद्धत वापरावी लागते, काच पुसावी लागते, हवानळी मोकळी ठेवावी लागते, हे घरात कोणालाच माहीत नसते.

आणि प्रश्न काही क्षुल्लक नाही. शंभर लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवावयास साडेचार युनिटांहून थोडी अधिक वीज लागते. जेथे वीज नाही वा परवडत नाही तेथे तोच भार सरपणावर पडतो, म्हणजे बहुधा घरातील स्त्रीच्या डोक्यावर आणि तिच्या फुफ्फुसांवर. आजोळच्या तांब्याच्या बंबाच्या आठवणी गोड असतात. पण पहाटे उठून त्यात गोवऱ्या व ढलप्या सारणारे, धुराने डोळे चोळणारे माणूस त्या आठवणीत असतेच.

सुदैवाने आपल्या देशाच्या बहुतेक भागांत ऑस्ट्रियाची एकही अडचण नाही. येथे पाणी गोठत नाही आणि घरांना गच्ची असते. टाकी पट्ट्याच्या वर ठेवली की तापलेले पाणी आपणच वर चढते, थंड पाणी आपणच खाली उतरते. पंप नको, वीज नको. शंभर लिटरला साधारण २ चौरस मीटर पट्टा पुरतो. त्याचे तोंड दक्षिणेला असावे आणि हिवाळ्यातले तिरपे ऊन झेलण्यासाठी तो स्थळाच्या अक्षांशाहून थोडा अधिक कललेला असावा. शिमला वा लेह येथे राहणाऱ्या वाचकांनी मात्र श्टायरमार्कचाच कित्ता गिरवावा. त्यांच्या नळ्यांना न गोठणारे द्रव्य हवेच. आणि सर्वांनीच एक पथ्य पाळावे. भर उन्हातले पाणी अंग भाजण्याइतके तापते, तेव्हा लहान मुलांच्या नळाला थंड पाण्याची जोड दिल्यावाचून राहू नये.

एकट्याने हे काम करणे जिकिरीचे आहे. डाख नीट बसत नाही, साहित्य महाग पडते, पहिल्या गळतीला मन खचते. परंतु आपल्या वस्तीत नळकाम जाणणारा एक, सुतारकाम जाणणारा एक, हिशेब चोख ठेवणारी एखादी बाई आणि तंत्रविद्यालयात शिकणारी दोन मुले सहज सापडतील. दहा घरांनी साहित्य एकत्र आणावे, पहिला पट्टा सर्वांनी मिळून बांधावा, तो पाण्याच्या दाबाने तपासावा, गळेल तेथे पुन्हा डाख द्यावा आणि मगच बाकीचे नऊ हाती घ्यावेत. ज्यांना बांधणे जमणार नाही त्यांनी विकत घ्यावा. पण तो उघडून, समजून घ्यावा आणि वर्षातून एक रविवार सर्वांनी मिळून वस्तीतले सारे बंब साफ करावेत.

श्टायरमार्कच्या शेतकऱ्यांनी कोणतीही नवी वस्तू शोधून काढली नाही. काळा पत्रा, काच आणि नळी जगाला आधीच ठाऊक होती. त्यांनी फक्त शेजाऱ्याला हाक मारली. ही हाक मारण्याची भाषा आपल्या गावांना अपरिचित नाही. ऊन तर आपल्या अंगणात रोजच येऊन उभे राहते.