साडेसहा हजार

गेल्या हिवाळ्यातले माझे बरेचसे शनिवार शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये गेले. मी राहतो इंग्लंडात, कोव्हेंट्रीजवळ. आजोबा ७१ वर्षांचे, गाडी एमजीबी, १९६७ सालची. (हिला 'विंटेज' म्हटलेलं त्यांना खपत नाही. इथे विंटेज म्हणजे १९३० पर्यंतची, ही आपली क्लासिक!) जुन्या गाड्यांच्या शर्यतींत ते ती पळवतात. मागच्या मोसमात एक कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला. पेन्शनीत आता एकच इंजिन बसतंय. हेही गेलं तर रेसिंग बंद, असा आजींचा हुकूम.

मला वाटायचं, रेसिंगचं इंजिन म्हणजे ताकद वाढवायची. कसलं काय! १७९८ सीसीच्या या इंजिनाचा स्ट्रोक ८८.९ मिमी, म्हणजे चांगलाच लांब. पिस्टन प्रत्येक फेरीत दोनदा थांबून उलटा फिरतो आणि तो हिसका रॉडला आणि त्याच्या बोल्टांना बसतो. हा जोर आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ६५०० वरून ७५०० वर गेलात तर फेरे वाढतात १५ टक्के, हिसका ३३ टक्के. आजोबांचा नातू साडेसातसाठी हटून बसला होता. मी गणित कागदावर मांडून दिलं. आजोबांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "साडेसहा. विषय संपला."

बाकी सगळा खेळ तेलाचा. क्रँकशाफ्ट बेअरिंगवर टेकत नाही, तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. ती फट साधारण ०.०५ मिमी, केसापेक्षाही बारीक. मोजायला मेणासारखा एक धागा मिळतो, प्लास्टिगेज. तो आत ठेवून कॅप टॉर्क रेंचने आवळायची, परत सोडायची आणि धागा किती चपटा झाला ते पट्टीवर बघायचं. या गाडीला मेन बेअरिंग पाच (सुरुवातीच्या एमजीबींना तीनच होते), आणि आजोबांनी प्रत्येक तीनदा मोजलं. मी वैतागलो, ते नाही.

वळणावर तेल संपच्या एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. म्हणून आत आडवे पत्रे वेल्ड केले. क्रँकला तडे नाहीत ना, हे चुंबकीय चाचणीत तपासून घेतलं. इथे २००० साली शिशाचं पेट्रोल बंद झालं, तेव्हा हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट्सही आल्याच. असो.

आधी प्लग काढून, तेलाचा दाब दिसेपर्यंत नुसतं स्टार्टरवर फिरवलं. मग प्लग लावून चालू केलं आणि नवा कॅम खाल्ला जाऊ नये म्हणून वीस मिनिटं २००० च्या वर ठेवलं. तेवढा वेळ कुणीही बोललं नाही.

एप्रिलमधल्या पहिल्या शर्यतीत नंबर आला शेवटून चौथा. घरी येऊन आजोबांनी ऑइल फिल्टर कापला, आतला कागद पसरून टॉर्चखाली बघितला. आपण लॉग वाचतो ना, तस्संच. धातूची चकाकी कुठेच नव्हती. मग तो तेलकट कागद तसाच हातात धरून ते आत गेले, आजींना दाखवायला.