खिडकीजवळचे बाक

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, मुलांपुढे चार शब्द बोलावे लागतात. १९२८ साली याच दिवशी कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांना आपला शोध लागला, एवढे सांगून मी मराठीचा माणूस मोकळा होत असे. यंदा त्या शोधाची पुढली वाटचाल वाचली आणि एक जुने शल्य जागे झाले.

एकाच रंगाचा प्रकाश पदार्थावर पडला की बहुतेक सारा त्याच रंगाने विखुरतो; मात्र त्याचा अत्यल्प अंश रेणूंच्या कंपनांशी देवघेव करून किंचित बदललेल्या रंगाने परततो. हा बदल प्रत्येक पदार्थाचा वेगळा, जणू अंगठ्याचा ठसाच. रोगजंतूंतील प्रथिने, मेद यांची घडण व प्रमाण जातीगणिक निराळे. म्हणून लेसरच्या उजेडात जंतूही आपली ओळख देतो. ही खूण फार मंद असते, ज्ञात जंतूंच्या नोंदींशी ती ताडून पाहावी लागते. त्यामुळे आपल्या गावोगावच्या दवाखान्यांत ही रीत अजून रुळलेली नाही. पण जंतू वाढण्याची वाट न पाहता तो ओळखावा, हे तिचे मर्म होय.

वाट पाहणे म्हणजे काय, ते मी १९९८ साली धामनोदला अनुभवले. वर्गातला एक मुलगा महिनाभर खोकत होता. सूक्ष्मदर्शकाखाली थुंकीत काही आढळले नाही, म्हणून नमुना जंतुसंवर्धनासाठी इंदूरला गेला. क्षयाचे जंतू सावकाश वाढतात. निर्णयाला सहा आठवडे लागणार होते. पालकांत कुजबुज सुरू झाली. मी त्याला खिडकीजवळच्या बाकावर एकटे बसविले आणि म्हणालो, "इथे वारा लागेल, बरे वाटेल." तो काहीच बोलला नाही. आठवड्याने तो येईनासा झाला. पुढे अहवाल आला : क्षय नव्हता. तो कागद घेऊन मी त्याच्या घरी गेलो, तर दाराला कुलूप. कुटुंब मजुरीसाठी गुजरातेत गेले होते.

आता क्षयाची जनुकीय तपासणी दोनेक तासांत होऊ शकते. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रानेही प्रकाशाच्या साहाय्याने क्षयजंतू दाखविणारे उपकरण घडविले आहे. खबरदारी घेतली, याचे मला दुःख नाही. खोटे कारण सांगितले, आणि त्या आठवड्यात एकदाही त्याच्या दारी गेलो नाही, याचे आहे. त्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नव्हती.

यंदा मुलांना रामन यांच्या शोधाबरोबर त्या बाकाचीही गोष्ट सांगितली. एकाने विचारले, "सर, तो आता कुठे असेल?"

मी खिडकीकडे पाहत राहिलो.